बाजारच्या दिवशी एक

आमच्या हॉस्पिटलात चुका होत नाहीत. हे मी म्हणत नाही, माझी वही म्हणते. जिन्याखालचं एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि मी, एवढ्यांचा मिळून आमचा 'गुणवत्ता कक्ष' होतो, आणि त्या कक्षात 'औषधविषयक चुकांची नोंदवही' नावाची एक जाडजूड वही आहे. सहा वर्षं दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला मी तिच्यात एकच शब्द लिहीत आले: निरंक. बहात्तर महिने, बहात्तर निरंक. रोज पाच-सातशे माणसं आमच्या औषध विभागातून गोळ्या-बाटल्या घेऊन जातात आणि सहा वर्षांत एकही गोळी इकडची तिकडे झाली नाही. एवढी सफाई ब्रह्मदेवालाही जमलेली नाही. खात्री करायची असेल तर आमच्या चेअरमनसाहेबांकडे एकदा बघून घ्यावं.

मी सरिता. या कक्षाची प्रमुख मी, कारकून मी आणि शिपाईही मीच. बैठकांची इतिवृत्तंसुद्धा मलाच लिहावी लागतात, कारण इथे मराठीत सरळ चार वाक्यं टाइप करणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही. सांगायचंय ते सुकेशनी वाहूळबद्दल, जिने माझी कोरी करकरीत वही खराब केली.

सुकेशनी चितेगावची. वडील तिथल्याच एका कारखान्यात रोजंदारीवर, आई चतुराबाई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. मुलगी बारावी सायन्स झाली, डी. फार्म. झाली, फार्मसिस्ट म्हणून रीतसर नोंदणी केली आणि पंधरा वर्षांपूर्वी आमच्या औषध विभागाच्या खिडकीत येऊन उभी राहिली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि सगळे तिला 'काउंटरवरची मुलगी' म्हणायचे. आता ती अडतीसची आहे, तिचीच मुलगी दहावीला बसली आहे, आणि वरच्या मजल्यावर तिचं नाव अजूनही 'काउंटरवरची मुलगी' हेच आहे.

या पंधरा वर्षांत औषध विभागाला तीन प्रमुख लाभले. तिघेही मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेले. पहिल्याला तिने इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नसतं हे शिकवलं. दुसऱ्याला मुदत संपत आलेली औषधं पुढे आणि ताजी मागे लावायला शिकवलं. तिसऱ्याला तर डॉक्टरांचं अक्षर वाचण्यापासून सुरुवात करावी लागली. तिघेही इथे शिकून तयार झाले, मोठ्या शहरात मोठ्या जागांवर गेले, आणि निरोपाच्या भाषणात प्रत्येकाने 'सुकेशनीचं खूप सहकार्य झालं' असं म्हटलं. आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून द्यावा आणि त्याने पलीकडे पोचल्यावर म्हणावं, बाईंची सोबत बरी होती.

तिला वर घेण्याचा विषय दर वेळी निघायचा आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. एकदा पदवी आडवी आली. एकदा 'तिला इंग्रजीत सादरीकरण जमेल का' हा प्रश्न आडवा आला, जणू पैठण रोडवरून येणारे पेशंट पडद्यावरचं सादरीकरण बघूनच गोळी गिळतात. चेअरमनसाहेबांना समतेचं मात्र भारी वेड. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालायचा मान ते आवर्जून सुकेशनीला द्यायचे, स्वतः अर्धा तास समान संधीवर बोलायचे आणि पंधरा एप्रिलला ती परत खिडकीत असायची.

तिला स्वतःला प्रमुख व्हायचं होतं का? होतं. आडूनआडून बोलायची तिला सवय नाही. "खुर्चीचं काय करू मॅडम? बसायला येळ कुठंय," ती मला म्हणाली होती. "पण प्रमुखाशिवाय कुणाला तिथलं खोकं हलवता येत नाय. दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारीशेजारी ठेवलेल्या मी पंधरा वर्षं बघते. उचलणाऱ्याचा हात एक दिवस चुकणारच. मला ते बदलायचंय." आमच्याकडे औषधं कंपनीच्या नावाने लावतात, कारण पहिल्या प्रमुखांना तसं आवडायचं.

तिची कामाची एक तऱ्हा होती, ती सांगायला हवी. गोळ्या ज्या कागदी पाकिटात देतात, त्यावर अजून शहराचं जुनं नाव छापलेलं आहे. साठा संपेपर्यंत वर नव्या नावाचा रबरी शिक्का मारायचा असा हुकूम आहे, त्यामुळे लिहायला दोन बोटं जागा उरते. तेवढ्या जागेत सुकेशनी माणसाला कळेल असं लिहायची. 'भाकरी खाल्ल्यावर.' 'चहाच्या आधी, निरण्या पोटी.' आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर, 'बाजारच्या दिवशी एक.' खेड्यातल्या माणसाचा आठवडा कॅलेंडरवर नसतो, आठवडी बाजारावर असतो. म्हणून ती आधी विचारायची, "मावशी, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?" आणि मग तो वार लिहायची. संधिवाताची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आहे, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपत जातात आणि माणूस हातचा जातो. सुकेशनी या गोळीला फार भ्यायची. तिच्या या बाजारच्या युक्तीची वार्षिक अहवालात 'रुग्णकेंद्री उपक्रम' म्हणून पानभर तारीफ आली होती. सोबत फोटो प्रणयचा होता.

प्रणय म्हणजे चेअरमनसाहेबांचा भाचा. एम. फार्म., वर मॅनेजमेंटची पदवी, वर टाय. सहा महिन्यांपूर्वी आला तेव्हापासून त्याच्या तोंडी 'सिस्टिम' आणि 'व्हिजन' हे दोन शब्द होते आणि हाती टॅब होता. मुलगा वाईट नव्हता. फक्त त्याने पेशंट नावाचा प्राणी अजून जवळून बघितला नव्हता.

तर तिसरे प्रमुख गेले आणि जागा पुन्हा रिकामी झाली. या वेळी मात्र मेडिसिनच्या डॉक्टर अमृता अडून बसल्या. "सुकेशनीची मुलाखत घेतल्याशिवाय मी समितीत बसणार नाही," त्यांनी कळवलं. डॉक्टर अमृतांची ओपीडी रोज दुथडी भरून वाहते, त्यामुळे त्यांचं मत चेअरमनसाहेबांना लगेच पटतं. मंगळवारी सकाळी अकराची वेळ ठरली. उमेदवार दोन: प्रणय आणि सुकेशनी. साहेबांनी खाजगीत डॉक्टरांना शब्दही दिला होता की मुलाखत नीट झाली तर या खेपेला तिलाच घेऊ, प्रणय काही दिवस तिच्या हाताखाली शिकेल.

मंगळवारी सुकेशनी जांभळी साडी नेसून आली. चतुराबाईंनी आदल्या दिवशी फोनवरून बजावलं होतं, "पांढरा कोट घालून बसू नको तिथं, नाय तर गोळ्याच मागतील तुला." अकराला पंचवीस मिनिटं कमी असताना ती खिडकीतली शेवटची चिठ्ठी संपवत होती. मी मुलाखतीचे कागद घेऊन तिला बोलवायलाच खाली आले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

खिडकीत एक धनगर गडी उभा होता, डोक्याला लाल पटका. त्याने रिकामी पट्टी पुढे सरकवली. "ह्या गोळ्या सरल्या. अजून द्या. आन् तिचं तोंड आलंय, त्याचंबी काय तरी द्या."

सुकेशनीने पट्टी उलटी करून पाहिली. मेथोट्रेक्सेट. कॉम्प्युटरवर नाव काढलं: राजाबाई, देवगाव रंगारीच्या बाजूची, आठ गोळ्या, दोन महिन्यांच्या. दिल्याची तारीख होती दहा दिवसांपूर्वीची.

"दादा, या आठ गोळ्या दोन महिने पुरायच्या होत्या. कशा संपल्या?"

"कशा म्हंजी? तुमीच लिवलंय ना, बाजारच्या दिवशी एक. आठ बाजार झाले, आठ गोळ्या गेल्या."

"दहा दिवसांत आठ बाजार?"

"मग! आमचा शेळ्यांचा धंदा हाय. आज ह्या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. आठवड्यात एकच दिस घरी ऱ्हातो."

मी सुकेशनीला पंधरा वर्षं ओळखते, पण तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. त्याने खिशातून घडी घातलेलं पाकीट काढून दाखवलं. दोन बोटांच्या जागेत तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'बाजारच्या दिवशी एक.' वार लिहिला नव्हता. त्या दिवशी रांग दारापर्यंत गेली होती आणि तिने तो एक प्रश्न विचारला नव्हता.

"राजाबाई कुठंयत?" तिने विचारलं.

"भाईर टेम्पोत. शेळ्या सोडून कशी यील? बाजाराला निघालोत."

जांभळ्या साडीचा पदर खोचून सुकेशनी जी धावत सुटली ती थेट पार्किंगमध्ये. मी मागे धापा टाकत. टेम्पोच्या हौद्यात चौदा-पंधरा शेळ्या आणि त्यांच्या मधोमध एक काटक बाई, तोंडाला पदर लावून बसलेली. ही राजाबाई. शेळ्यांचा सौदा तीच करायची. खिडकीतला गडी म्हणजे तिचा नवरा खंडेराव, तो टेम्पो चालवायचा आणि मान हलवायचा.

"मावशी, उतरा. तुम्हाला आत घ्यायचंय."

"मला काय धाड भरलीय? तोंडच तं आलंय," राजाबाई पदराआडून म्हणाली. बोलताना तिच्या ओठातून रक्त आलं. "बाजार बुडंल माझा."

"मावशी, त्या गोळ्या रोज नव्हत्या घ्यायच्या. मी चुकीचं लिहिलं. माझी चूक हाये. तुम्ही उतरा, पाया पडते तुमच्या."

राजाबाईने तिच्याकडे नीट बघितलं. आयुष्यभर व्यापाऱ्यांशी बोलणाऱ्या बाईला समोरचा खरं बोलतो की खोटं, हे पटकन कळतं. ती उतरली, आणि उतरताच तिने टेम्पोचा दांडा धरला. सुकेशनीने तिला कमरेत धरून आत नेलं. डॉक्टर अमृता मुलाखतीच्या खोलीतून उठून तातडीच्या विभागात आल्या. रक्त गेलं, अहवाल आला, पांढऱ्या पेशी धोक्याइतक्या खाली. उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. "आणखी दोन-तीन बाजार झाले असते तर आपल्याला फार काही करता आलं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. मधल्या वेळात खंडेरावच्या शेळ्यांनी हॉस्पिटलची बाग खाल्ली, आणि त्याबद्दल मात्र सुरक्षा विभागाने तासाभरात लेखी तक्रार दिली.

सुकेशनी मुलाखतीला पोचली तेव्हा एक वाजला होता. प्रणयची मुलाखत कधीच झाली होती. त्याने अठरा स्लाइड दाखवल्या होत्या. सुकेशनीच्या साडीला शेळीचा वास, हाताला स्पिरिटचा. चेअरमनसाहेब त्या दिवशी मोठ्या मनाच्या मूडमध्ये होते. त्यांनी पुस्तकातला प्रश्न विचारला, "बेटा, तुझी ताकद कोणती आणि कमजोरी कोणती?"

"ताकदीचं राहू द्या," ती म्हणाली. "कमजोरी सांगते. आज माझ्यामुळं एक बाई मरणार होती." आणि तिने सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही, फक्त रांग मोठी होती ही सबब तेवढी सांगितली नाही.

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. मग ते फार मायेने बोलू लागले, आणि साहेब मायेने बोलू लागले की मी पेन खाली ठेवते, कारण ते इतिवृत्तात घ्यायचं नसतं. "हे बघ, तुझी काय चूक? तू लिहिलं ते बरोबरच होतं. तिने चुकीचा अर्थ काढला, यात पेशंटचा दोष आहे. बाई वाचेल. पुढच्या महिन्यात मानांकनाची तपासणी आहे, आणि आपली वही सहा वर्षं निरंक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवारी तुझ्या हातात ऑर्डर देतो. सरिताबाई, या महिन्याचं नेहमीप्रमाणे लिहून टाका."

डॉक्टर अमृता तेव्हा राजाबाईजवळ होत्या. खोलीत आम्ही तिघंच.  सुकेशनी उठून बाहेर गेली.

चार वाजता ती जिन्याखाली माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, वही द्या."

आता इथे मी फार शूर वागले असं लिहायला मला आवडलं असतं. मी तिला म्हणाले, "वेडी आहेस का? पंधरा वर्षांनी दारात आलेली लक्ष्मी लाथाडतेस? एकदा प्रमुख हो, मग काय ते खरं लिही. मी बहात्तर वेळा खोटं लिहिलं, त्र्याहत्तरावं लिहिताना माझा हात झडत नाही." हे मी तिच्या भल्यासाठी म्हणत होते, आणि थोडं माझ्याही. वहीत एक खरी नोंद झाली तर वरच्या बहात्तरांकडे लोक संशयाने बघणार.

ती टेबलासमोरच्या स्टुलावर बसली. "मॅडम, ही गोष्ट एका राजाबाईची नाय. मी 'बाजारच्या दिवशी' असं किती पाकिटांवर लिहिलंय? त्यातल्या कितींवर वार लिहायचा राहिला? त्यात बाजार करणारे किती? हे सगळं शोधायचं तर काउंटरवरच्या बाकीच्यांना सांगावं लागंल, मी कशी चुकले ते. अन् कागदावर चूकच झाली नसंल, तर शोधायचं काय?"

 मी कपाट उघडलं.

तिने लिहिलं. तारीख, पेशंटचं नाव, गोळी, काय झालं, का झालं. 'चूक कोणाची' या रकान्यात, जो सहा वर्षांत कुणी भरला नव्हता, तिने पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही केली. मग मला म्हणाली, "तुमचीबी सही लागती." मी केली. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

पुढचे दोन दिवस आम्ही फोन लावत बसलो. राजाबाई सोडून त्या गोळीचे सत्तेचाळीस पेशंट निघाले. शेहेचाळीस जणांचं ठीक होतं. सत्तेचाळिसावा फकिरा, बाजारोबाजार दोरखंड विकणारा माणूस. त्याच्याही पाकिटावर वार नव्हता. तीन दिवसांत त्याच्या तीन गोळ्या झाल्या होत्या. "अरे ताई, मैं तो रोज बाजार में च रहता," तो फोनवर हसत म्हणाला. त्याचं हसणं ऐकून सुकेशनीने फोन माझ्या हातात दिला आणि डोळे पुसले. त्याला त्याच दिवशी बोलावून घेतलं. त्याला काही झालं नाही. राजाबाई नऊ दिवसांनी घरी गेली, जाताना डॉक्टरांच्या फीत सूट मागून गेली आणि मिळवूनही गेली.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी ऑर्डर निघाली. ती मीच टाइप केली. 'औषध विभागाच्या प्रमुखपदी श्री. प्रणय यांची नियुक्ती करण्यात येत आहे.' कारणाच्या जागी साहेबांनी सांगितलेला मजकूर होता: 'उमेदवार क्रमांक दोन यांची अलीकडील नोंद विचारात घेता.' सहा वर्षं चुका लपवणाऱ्या हॉस्पिटलात चूक कबूल करणारी एकच बाई निघाली, आणि तीच तेवढी दोषी ठरली. मला इतका संताप आला की त्या एका परिच्छेदात मी पाच टायपिंगच्या चुका केल्या. साहेबांनी न वाचता सही केली, त्यामुळे त्या तशाच नोटीस बोर्डावर लागल्या.

सुकेशनीने बोर्ड वाचला आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. दिवसभर ती नेहमीसारखी बोलत होती, फक्त जेवली नाही.

प्रणयने पहिल्याच दिवशी नव्या टायमध्ये सगळ्यांची बैठक घेतली आणि 'झिरो एरर' असं फळ्यावर लिहिलं. चौथ्या दिवशी गर्दीत तो हौसेने खिडकीत उभा राहिला आणि सर्दीच्या बाटलीऐवजी शेजारची, मोठ्या माणसांच्या झोपेची बाटली एका दीड वर्षाच्या पोराच्या आईला देऊन बसला. सुकेशनीने शेजारून नुसती पिशवी बघितली आणि त्या बाईला गेटवर गाठलं. प्रणय पांढराफटक पडला होता. तासाभराने तो माझ्या टेबलाशी आला. टाय काढलेला.

"मॅडम, ती वही..."

मी वही दिली. त्याला कुठून सुरुवात करावी कळेना. सुकेशनी खाली आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. "आधी तारीख लिहा. मग बाटलीचं नाव. घाबरलात ते नका लिहू, दोन्ही बाटल्या शेजारी होत्या ते लिहा." त्याने लिहिलं.  दुसऱ्या दिवशी त्याने विभागातल्या सगळ्यांना सांगितलं की ज्याची चूक होईल त्याने ताईंना सांगायचं आणि वहीत लिहायचं. कुणी ओरडणार नाही. मग काय, बांध फुटला. महिनाअखेर वहीत सतरा नोंदी झाल्या. निरंक लिहायला मला जागाच उरली नाही.

महिन्याची औषध समितीची बैठक भरली. हजर चौघे: चेअरमनसाहेब, डॉक्टर अमृता, विभागप्रमुख म्हणून प्रणय आणि लिहायला मी. साहेबांच्या हातात वहीच्या झेरॉक्स होत्या आणि कपाळाची शीर उडत होती.

"सहा वर्षं शून्य, आणि एका महिन्यात सतरा? विभाग चालवता की सर्कस? कोणाच्या सांगण्यावरून चाललंय हे?"

"आमच्या प्रमुखांच्या," प्रणय म्हणाला.

"प्रमुख तू आहेस!"

"कागदावर, मामा." बैठकीत त्याने साहेबांना मामा म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "अडलं की सगळे ताईंकडे जातात. मीपण जातो. त्या नसत्या तर त्या पोराला..." तो थांबला. "मला त्यांच्या हाताखाली ठेवा. विभागप्रमुख त्यांनाच करा."

"माझं अनुमोदन," डॉक्टर अमृता लगेच म्हणाल्या. "आणि तपासणीला येणारे बहात्तर निरंक बघून हसतील, साहेब. या सतरा नोंदी बघून निदान विश्वास ठेवतील."

साहेब उठले. त्यांनी झेरॉक्स टेबलावर आपटल्या. "मग ठरवा तुम्हीच काय ठरवायचं ते! मला विचारूच नका!" आणि दार आपटून निघून गेले.

आता मी इतिवृत्त लिहिणारी बाई. कोण कोणत्या सुरात बोललं हे लिहायची पद्धत नाही, काय बोललं तेवढंच लिहायचं. मी लिहिलं: 'मा. अध्यक्षांनी या विषयावरील निर्णयाचे सर्व अधिकार समितीस दिले व आपणास पुन्हा विचारू नये असे सांगितले. सूचक: श्री. प्रणय. अनुमोदक: डॉ. अमृता. विरोध: कोणाचाही नाही. ठराव: श्रीमती सुकेशनी वाहूळ यांची औषध विभागाच्या प्रमुखपदी नियुक्ती करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.' या वेळी टायपिंगची एकही चूक केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इतर एकोणीस कागदांबरोबर तो कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी पंधरा वर्षांच्या सवयीने वीस सह्या केल्या, त्याही फोनवर बोलता बोलता.

दुपारी त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला वर बोलावलं. ठराव रद्द करता येईल का, असं विचारलं. मी म्हटलं, "येईल की साहेब. फक्त कारण लिहावं लागेल की अध्यक्षांनी न वाचता सही केली. ती चूक मग वहीत घ्यावी लागेल." साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, जाऊ द्या.

कागदाची प्रत घेऊन मी खाली गेले. सुकेशनीने ती दोनदा वाचली.  मग तिने आईला फोन लावला, आणि गलका होता म्हणून स्पीकर सुरू केला.

"आई, मी प्रमुख झाले."

"आं? कवा?" पलीकडून चतुराबाईंनी विचारलं.

सुकेशनीने डोळे पुसले. "झाले तर लई वर्षं झाली, आई. कागद आज आला."